तिसरी पायरी

मित्रांनो, मी एक पाणसळ आहे. वयाने मी तुमच्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा लहान असेन, पण माझ्या अंगावरचे ओरखडे आणि कोपऱ्यांत वाळून बसलेलं सिमेंट पाहिलंत, तर तुम्ही मला म्हातारीच म्हणाल. दोन फूट लांबीची पिवळी पट्टी, तिच्या मधोमध काचेची छोटी नळी, नळीत हिरवट पाणी आणि त्या पाण्यात एक बुडबुडा, एवढंच माझं रूप. मला फरशीवर ठेवलं आणि बुडबुडा दोन काळ्या रेघांच्या बरोबर मध्ये थांबला, तर ती फरशी सपाट. तो ज्या बाजूला सरकेल ती बाजू उंच. मला याहून दुसरं काही येत नाही. खोटं बोलता येत नाही आणि ओरडून सांगताही येत नाही. त्या दुसऱ्या गोष्टीचं मला आज फार वाईट वाटतं.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी एका दुकानाच्या फळीवर आले आणि त्या फळीवरून मला देवव्रत गायधनी यांनी उचललं.

देवव्रत मूळचे नाशिकचे, पंचवटीतले. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात यात्रेकरूंना पूजा सांगण्याचं काम चालत आलेलं. देवव्रत मात्र इंजिनियर झाले आणि सोळा वर्षांपूर्वी जर्मनीला गेले. पत्नी आभा आणि मुलगी इरा त्यांच्यासोबत तिकडेच असतात. वडील वारल्यावर आई, अनसूयाबाई, पंचवटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहू लागल्या. इमारतीला लिफ्ट नव्हती. आईला या वयात रोज तीन मजले चढावे लागतात, ही गोष्ट देवव्रतांना तिकडे बसून टोचत राहायची. म्हणून त्यांनी मखमलाबादच्या बाजूला एक प्लॉट घेतला. तिथे आईसाठी बैठं घर बांधायचं, पुढे व्हरांडा, अंगणात जास्वंद, आणि पुढेमागे आपणही तिथेच परतायचं, असं त्यांनी ठरवलं.

याच सुमारास त्यांच्या जर्मनीतल्या भाड्याच्या घरात न्हाणीघराच्या फरश्या बदलायला एक वयस्कर मिस्त्री आला होता. त्याने बसवलेल्या फरश्यांपैकी तीन फरश्या तो स्वतःच उचकटू लागला. देवव्रतांनी कारण विचारलं, तर त्याने नुसती आपली पट्टी त्या फरश्यांवर ठेवून दाखवली. बुडबुडा केसभर बाजूला होता. देवव्रत त्या दिवशी जेवताना आभाताईंना म्हणाले, "आपल्या नाशिकच्या घराचं काम असं व्हायला पाहिजे. कुणी सांगायच्या आधी." दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला विकत आणलं. इराने मला आपल्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलं आणि मी त्यांच्या बॅगेतून नाशिकला आले.

भूमिपूजनाच्या दिवशी देवव्रतांनी मला काळू मिस्त्रींच्या हातात दिलं. काळू मिस्त्री पेठ तालुक्यातले, डोंगरातल्या एका पाड्यावरचे. पावसाळ्यात गावी भात आणि नागली करायची आणि पीक निघालं की नाशिकला कामाला यायचं, असं त्यांचं वर्ष. पहिली काही वर्षं त्यांनी द्राक्षबागेत छाटणी केली. मग एका गवंड्याच्या हाताखाली राहून ते शिकले आणि स्वतः मिस्त्री झाले. त्यांची पत्नी भागीबाई सिमेंट-वाळूचा मसाला कालवायच्या आणि घमेली वाहायच्या. घराचं काम संपेपर्यंत दोघं त्याच प्लॉटवर पत्र्याच्या खोलीत राहणार होते.

"ही अस्सल आहे," देवव्रत त्यांना म्हणाले. "तुमच्या इकडच्या लेव्हलसारखी नाही. नीट वापर."

काळू मिस्त्रींनी मला एका दगडावर ठेवलं, बुडबुडा पाहिला. मग मला उचलून या टोकाचं त्या टोकाला असं उलटं फिरवलं, त्याच जागी पुन्हा ठेवलं आणि पुन्हा पाहिलं. पट्टी खरी आहे की नाही, ते पाहायची हीच रीत. कारखान्यातही माझी अशीच परीक्षा घेतली होती. ते हसून म्हणाले, "खरी हे, साहेब." मला तेव्हाच कळलं की मी योग्य हातात आले आहे. देवव्रतांना मात्र ते कळलं नाही. ते तेव्हा फोनवर बोलत होते.

देवव्रत जर्मनीला परत गेले आणि काम सुरू झालं. ठेका सुनीलशेठ नावाच्या ठेकेदाराकडे होता. रोज दुपारी चारच्या सुमाराला, म्हणजे तिकडे जेवणाच्या सुट्टीत, देवव्रतांचा व्हिडिओ कॉल यायचा. सुनीलशेठ फोन धरायचे आणि काळू मिस्त्री मला भिंतीवर ठेवून दाखवायचे.

स्वयंपाकघराची भिंत कमरेपर्यंत आली होती तेव्हाची गोष्ट.

"अजून जवळ धर," देवव्रत म्हणाले. "हे बघ, बुडबुडा रेघेला चिकटलाय."

"एक सूत फरक हे, साहेब. वरच्या थरात काढून घेतो."

"वरच्या थरात काढणं म्हणजे खालची चूक झाकणं. वरचे तीन थर काढ आणि पुन्हा बसव. काळू, इकडे असलं कुणी चालवून घेत नाही."

सगळ्या माणसांसमोर हे बोलणं झालं. काळू मिस्त्रींनी मान खाली घातली आणि तीन थर उतरवले. भागीबाई रागावल्या होत्या. "निस्ता फोनवरनं हुकूम. एका सुतासाठी एवढी भिंत पाडायची?"

"त्यांचं खरं हे," काळू मिस्त्री विटा साफ करत म्हणाले. "आयसाठी घर बांधतोय माणूस. त्याला एक सूत पण दिसनारच."

त्या दिवसापासून फोनची वाट न पाहता ते प्रत्येक थरावर मला ठेवू लागले. मित्रांनो, ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस. जोतं, भिंती, खिडक्यांचे उंबरे, ओटा, न्हाणीघराचा उतार, सगळीकडे मी फिरले. स्लॅब ओतल्यावर भागीबाईंनी तीन आठवडे त्याला एकदाही कोरडं पडू दिलं नाही.

अनसूयाबाई एक दिवसाआड रिक्षाने यायच्या. सोबत थर्मासमध्ये चहा आणि डब्यात काहीतरी असायचं, कधी थालीपीठ, कधी गूळपोळी. त्या विटांच्या ढिगावर बसायच्या आणि काळू मिस्त्री त्यांना हे तुमचं देवघर, ही तुमची खिडकी, असं दाखवायचे. मिस्त्री मला 'लेव्हल' म्हणायचे. पहिल्यांदा मला हातात घेऊन अनसूयाबाई म्हणाल्या, "अरे, लेव्हल काय म्हणतोस? ही पाणसळ." तेव्हापासून माझं हेच नाव झालं.

"आजी, तुमी राहाय आल्या का रोज सकाळी या व्हरांड्यात बसा," काळू मिस्त्री म्हणायचे. "उन्ह थेट इथं येतं."

घर पूर्ण व्हायला आलं आणि चैत्रातला मुहूर्त ठरला. इराच्या शाळेला सुट्टी होती, तिकिटं काढून झाली होती, नातेवाइकांना निरोप गेले होते. मुहूर्ताला नऊ दिवस उरले आणि अजून रंग बाकी, दिवे बाकी, व्हरांड्यापुढच्या पाच पायऱ्या बाकी. पायऱ्यांसाठी देवव्रतांनी फोटो पाहून चकचकीत काळा ग्रॅनाइट निवडला होता. काळू मिस्त्री म्हणाले होते, "साहेब, पायरीला खरबडीत दगड घ्या." पण फोटोत काळा ग्रॅनाइट फार सुंदर दिसत होता.

तो ग्रॅनाइट बसवायला सुनीलशेठने दुसरी माणसं आणली. त्यांनी एका दिवसात पाचही पायऱ्या बसवल्या आणि ती निघून गेली. मसाला अजून ओला होता. तेवढ्यात वायरिंगवाले शिडी आणि सामान घेऊन त्याच पायऱ्यांवरून आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी काळू मिस्त्रींनी एकेका पायरीवर मला ठेवलं. पहिली बरी होती. दुसरी बरी होती. तिसऱ्या पायरीवर माझा बुडबुडा झटकन घराच्या बाजूला पळाला आणि काचेच्या टोकाला जाऊन बसला. पायरीचा पुढचा काठ खाली दबला होता. मिस्त्रींनी मला उलटी फिरवून पुन्हा ठेवलं. बुडबुडा पुन्हा घराकडेच पळाला.

चार वाजता फोन आला.

"साहेब, तिसरी पायरी पुढं पडली. दगड काढाय पायजे."

"किती दिवस लागतील?"

"काढायची, खालचा मसाला खरवडायचा, नवा दगड आनायचा. वाळाय वेळ द्याय पायजे. सहा दिवस तरी धरा. तवर वरनं कोनी जायचं नाय."

"सहा दिवस? मागच्या दारापुढे खडीचा ढीग आहे, मग रंगवाले आत कसे जाणार? मंडप कधी घालणार?"

सुनीलशेठ मध्येच म्हणाले, "साहेब, बाहेरच्या पायरीला पाण्यासाठी उतार लागतोच. हा उगाच ताणतोय."

"उतार येवढा नसतो," काळू मिस्त्री म्हणाले. त्यांनी मला पायरीवर ठेवलं आणि सुनीलशेठच्या हातातला फोन माझ्याजवळ ओढला. "तुमीच बघा, साहेब."

देवव्रतांनी पाहिलं. मी त्यांचे डोळे पाहत होते, मित्रांनो. त्यांना बुडबुडा स्पष्ट दिसला होता. तरी ते म्हणाले, "राहू दे आता, काळू. एवढं कुणाला दिसणार आहे? मुहूर्त झाला की बघू."

"दिसायचं नाय, साहेब. पाय पडायचा त्याच्यावर."

"अरे, बघू म्हटलं ना!"

फोन बंद झाला. काळू मिस्त्री बराच वेळ त्या पायरीवर हात फिरवत बसले. हातोडी आणि छिन्नी त्यांच्या बाजूलाच होती. भागीबाई म्हणाल्या, "चला, मालकच नाय म्हनला तं आपुन काय करनार?" मिस्त्री उठले आणि दुसऱ्या कामाला लागले.

वास्तुशांत थाटात झाली. येणारा प्रत्येक माणूस भिंतींवरून हात फिरवत होता. "काय काम आहे! एकही कोपरा वाकडा नाही!" देवव्रत मला पाहुण्यांना दाखवत होते. "जर्मनीहून आणली. हिच्यावर घर बांधलंय. मी तिकडून रोज तपासत होतो." इरा नव्या घरभर पळत होती. अनसूयाबाईंनी भागीबाईंना लुगडं नेसवलं आणि काळू मिस्त्रींना हाताला धरून पाटावर बसवलं. जेवण झाल्यावर मिस्त्री एकदा त्या पायरीकडे पाहत उभे राहिले. देवव्रत पाहुण्यांच्या गराड्यात होते. मिस्त्री तसेच निघून गेले.

सुट्टी संपली. जाण्याच्या गडबडीत देवव्रतांनी मला व्हरांड्यातल्या चपलांच्या कपाटात, वरच्या खणात ठेवून दिलं. पायरीचं 'बघू' तसंच राहिलं. माझ्याभोवती जुनी कुलपं, उरलेल्या टाइल्सचे तुकडे आणि रंगाचे वाळलेले ब्रश होते. तिथे पडल्या पडल्या मला अनसूयाबाईंची रोजची ये-जा ऐकू यायची. सकाळी त्या फुलं काढायला खाली उतरायच्या आणि मी त्यांची पावलं ऐकायचे. एक, दोन, तीन. तिसऱ्या पावलाला त्या जरा थांबायच्या. नकळत त्यांनी पायाला सवय करून घेतली होती. पावसाळा तसाच निघाला. मला वाटू लागलं, आता काही होणार नाही.

वसुबारसेच्या दिवशी संध्याकाळी अनसूयाबाईंनी पायऱ्या धुतल्या. गाय-वासराची रांगोळी काढायची म्हणून त्या हातात रांगोळीचा डबा घेऊन उतरू लागल्या. दोन पावलं ऐकू आली. तिसरं पाऊल आलंच नाही. डबा खालपर्यंत गडगडत गेल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही.

शेजारच्या सावित्रीबाई धावत आल्या. "अनसूयाकाकू! अहो, काय झालं? उठू नका, उठू नका!" त्यांनी आपल्या मुलांना हाका मारल्या. मी कपाटाच्या खणात होते. माझ्यापासून पायरी पाच हातांवर होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. देवव्रत मिळेल त्या विमानाने आले. दिवाळी दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी सांगितलं की आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालता येईल, पायऱ्यांचं मात्र अवघड आहे. ज्या आईने तीन मजल्यांची रोज चढ-उतर केली, तिला आता पाच पायऱ्या उतरता येणार नव्हत्या. "माझंच लक्ष नव्हतं रे," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "कुणाला बोलू नकोस."

पण देवव्रत संतापले होते. घरी येताच त्यांनी कपाट उघडलं, मला काढलं आणि तिसऱ्या पायरीवर ठेवलं. बुडबुडा पहिल्यासारखाच घराकडे पळाला. "बघा सावित्रीकाकू," ते म्हणाले, "ही इथल्या कामाची पद्धत. एक पायरी सरळ बसवता येत नाही यांना. मी इतकं डोळ्यांत तेल घालून पाहिलं, तरी शेवटी केलंच." त्यांनी सुनीलशेठला फोन लावला. सुनीलशेठ म्हणाले, "साहेब, मिस्त्री तर काळू होता. त्याला विचारा." मग मला मागच्या सीटवर टाकून ते गाडीने पेठकडे निघाले.

काळू मिस्त्रींच्या पाड्यावर भातकापणी चालू होती. देवव्रत बांधावरूनच मोठ्याने बोलू लागले. "काळू, तू बसवलेल्या पायरीवरून माझी आई पडली. तिचं हाड मोडलं. हे बघ, लेव्हल घेऊन आलोय. दाखवू तुला?"

काळू मिस्त्रींच्या हातातला विळा खाली आला. "आजी पडल्या?" एवढंच ते म्हणाले आणि बांधावर बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

भागीबाई पेंढी टाकून पुढे आल्या. "साहेब, पायरी तेंनी नाय बसवली. दुसरी मानसं होती. आन् तेंनी तुमाला सांगितलं होतं. फोनवर. मी तिथंच हुबी होते. सहा दिवस द्या म्हनले, दगड काढतो म्हनले. तुमी काय म्हनला, आठवा."

मी देवव्रतांच्या हातात होते. त्यांनी मला या हातातून त्या हातात घेतलं आणि माझा बुडबुडा इकडून तिकडे, तिकडून इकडे धावू लागला. नऊ दिवस उरलेली ती दुपार त्यांना आठवली असावी. ते हळूच म्हणाले, "राहू दे म्हणालो मी."

"चूक माजी पन हे, साहेब," काळू मिस्त्री म्हणाले. "मला म्हाईत होतं. तुमी नाय म्हनला तरी काढाय पायजे होती. हातोडी बाजूलाच होती. आजींच्या हातचा चा पिलो मी, आन् ती पायरी तशीच टाकून आलो. रोज वाटायचं, एक डाव नाशकाला जाऊन सांगावं. कापनी झाली का जाऊ, असं म्हनत राह्यलो."

देवव्रत बांधावर त्यांच्या शेजारी बसले. चिखलात बसताना त्यांनी खाली पाहिलं नाही. "मिस्त्री," ते म्हणाले, "तुम्ही याल का? पायऱ्या पुन्हा करायच्या आहेत."

कापणी आटोपून काळू मिस्त्री आणि भागीबाई आले. यावेळी देवव्रत फोनवर नव्हते, ते शेजारी बसून घमेली उचलत होते. पाचही पायऱ्यांचा ग्रॅनाइट काढला. खरबडीत दगड आणला. दोन्ही बाजूंना धरायला लोखंडी कठडा बसवला. एका कडेने व्हीलचेअरसाठी उताराची वाट केली. काम वाळेपर्यंत कुणीही त्यावर पाय ठेवला नाही. घरातली माणसं मागच्या दाराने ये-जा करत होती. शेवटी प्रत्येक पायरीवर मला ठेवलं. पाण्यापुरता उतार होता, तोही पाचही पायऱ्यांना अगदी सारखा.

अनसूयाबाई दारात वॉकर धरून उभ्या होत्या. "आजी, बघा," काळू मिस्त्री म्हणाले.

त्यांनी सगळ्या पायऱ्या नीट पाहिल्या. "छान केल्यास रे काळू," त्या म्हणाल्या. "फार छान." त्यांनी उजवं पाऊल पहिल्या पायरीच्या काठापर्यंत नेलं. देवव्रतांनी एक हात धरला, भागीबाईंनी दुसरा. पाऊल तिथेच थांबलं आणि मग त्यांनी ते मागे घेतलं. "नको रे देवू," त्या म्हणाल्या. "भीती वाटते." देवव्रत तोंड फिरवून अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

त्यांना सुट्टी संपल्यावर परत जावं लागलं. इकडे नोकरी शोधतोय, असं ते आईला सांगतात आणि ते खरंही आहे. सोबतीला एक बाई ठेवल्या आहेत. निघताना त्यांनी मला काळू मिस्त्रींच्या पिशवीत घातलं. "ही तुमच्याकडेच असू द्या," ते म्हणाले. "मला हिच्यावरचं वाचता येत होतं, मिस्त्री. मी वाचलं नाही."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कुणी गावातच घर बांधेल, कुणी परदेशातून बांधून घेईल, कुणी स्वतःच्या हातांनी दुसऱ्यांची घरं बांधेल. माझं एवढंच मागणं आहे. काम करणाऱ्या माणसाने थांबून 'हे बरोबर झालेलं नाही' असं सांगितलं, तर त्याचं ऐका. मुहूर्त पुढे ढकलता येतो. आणि तुम्हीच काम करणारे असाल, तर एकदा सांगून गप्प बसू नका. मी तेव्हा खरं तेच दाखवलं होतं. तीन माणसांनी ते पाहिलं होतं. तरी अनसूयाबाई पडल्या.

सध्या काळू मिस्त्रींचं काम त्याच गल्लीत, दोन प्लॉट सोडून चालू आहे. दुपारी ते आणि भागीबाई अनसूयाबाईंच्या व्हरांड्यात चहाला येतात. मी पिशवीतून डोकं बाहेर काढून त्यांच्या पायाशी पडलेली असते. अनसूयाबाई खुर्चीत असतात. शाळा सुटली की आजूबाजूची मुलं जास्वंदीची फुलं मागायला येतात आणि पायऱ्यांवरून धाडधाड वर-खाली करतात. अनसूयाबाईंचे हात खुर्चीवर घट्ट आवळतात. "हळू रे, हळू! पडाल!" त्या प्रत्येकाला सांगत राहतात. मुलं हसतात आणि आणखी जोरात धावतात. त्या पायऱ्यांवर आता कुणी पडणार नाही, हे काळू मिस्त्रींना ठाऊक आहे. ते अनसूयाबाईंना तसं सांगत नाहीत. कप खाली ठेवतात, उठतात आणि मुलं खाली उतरेपर्यंत तिसऱ्या पायरीपाशी जाऊन उभे राहतात.